वस्तऱ्यासाठी नैसर्गिक सहाण निवडताना

हनुवटीवरचा केस कापला न जाता ओढला जातोय असं वाटू लागलं, आणि चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास-साठ हात मारूनही फरक पडला नाही, की वस्तरा सहाणेवर घ्यायची वेळ झाली. ती सहाण कोणती असावी, एवढ्यापुरतंच हे लेखन आहे. दाते पडलेला किंवा कधीच धार न लागलेला वस्तरा हे वेगळं काम. त्याला आधी १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे कणांच्या बारकाईचा आकडा; आकडा मोठा तेवढे कण बारीक) कृत्रिम दगडावर धारेचा उतार, म्हणजे कडेलगतची तिरकी घासलेली बाजू, बसवावा लागतो, मग ४००० ते ५०००, मग ८००० अशी चढण. ही चढण नैसर्गिक दगडांवरही करता येते, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. नैसर्गिक सहाणेची जागा शेवटी आहे: ८००० पर्यंत आलेल्या धारेला अखेरचा हात देणं आणि पुढे वर्षानुवर्षं ती धार राखणं. तेव्हा निवडायची आहे ती एकच सहाण. पाच-सहा दगडांचा संच घेऊन बसणाऱ्यांना एकही दगड नीट कळत नाही, कारण प्रत्येकाची सवय व्हायला काही महिने जातात.

ग्रिटच्या आकड्याचा घोळ

कृत्रिम दगडात एका मापाचे कण चाळून घातलेले असतात, म्हणून त्याला आकडा देता येतो. जमिनीतून निघालेल्या दगडाला असा आकडा नसतो. विक्रेता जो लिहितो तो त्याचा अंदाज, किंवा निव्वळ व्यापारी नाव. चीनच्या ग्वांग्शी प्रांतातला गडद करडा दगड सर्रास ‘१२०००’ म्हणून विकला जातो. त्या बारा हजारांचा कोणत्याही चाळणीशी संबंध नाही.

नुसता कणाचा आकार पाहूनही फसायला होतं. बेल्जियमच्या पिवळ्या कोतिक्युल दगडात कापण्याचं काम गार्नेट या कठीण खनिजाचे कण करतात आणि ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे असतात. कृत्रिम दगडात एवढे मोठे कण असते तर गालाची सालटी निघाली असती. गार्नेटचा कण मात्र बारा पैलूंचा, जवळजवळ गोल असतो. त्याचे कोपरे बोथट कोनाचे असतात. पोलादात तो खोल रुतत नाही, वरवर खरवडतो. त्यामुळे चर उथळ राहते आणि धार मऊ लागते. म्हणजे कणाचा आकार, त्याचे कोपरे, तो दगडात किती घट्ट बसला आहे आणि पाण्यात सुटा किती फिरतो, या सगळ्यांवर धार ठरते. चार गोष्टी एका आकड्यात मावत नाहीत.

आधी वस्तरा पाहा

दगड वस्तऱ्यासाठी घ्यायचा आहे, म्हणून सुरुवात वस्तऱ्यापासून. जर्मनीतल्या झोलिंगेन किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांच्या साध्या कार्बन पोलादाला जवळपास कोणतीही चांगली नैसर्गिक सहाण चालते. स्टेनलेस पोलादाचं तसं नाही. त्यातली क्रोमियम कार्बाइडं गार्नेटपेक्षा आणि क्वार्ट्झपेक्षाही कठीण असतात, म्हणून नैसर्गिक दगडावर काम हळू होतं. अशा वस्तऱ्याला मंद, गुळगुळीत दगड दिला तर शंभर फेऱ्यांनंतरही धार होती तिथेच. त्याला थोडी वेगवान सहाण हवी, किंवा उगाळ (दगड पाण्यात घासून निघणारा सुट्या कणांचा गाळ) काढता येईल अशी.

दुसरी गोष्ट पात्याचा पोकळपणा, म्हणजे त्याच्या बाजू किती खोलगट घासल्या आहेत. पूर्ण पोकळ घासलेलं पातळ पातं दाबाखाली वाकतं, धार दगडावरून उचलली जाते आणि उताराचा मधलाच भाग घासला जातो. त्याला कठीण दगड आणि हलका हात चांगला. पाचरीसारख्या जाड पात्याचा उतार बहुधा रुंद असतो. घासायचं पोलाद जास्त, म्हणून तिथे मंद दगड घेतलात तर कंटाळून दाब वाढवाल आणि बिघडवाल.

तिसरी गोष्ट पाठीवरची, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवरची टेप. वस्तऱ्याचा कोन हाताने धरायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकली की कोन आपोआप ठरतो. २० मिलीमीटर रुंद आणि पाठीला ५.५ मिलीमीटर जाड वस्तऱ्याचा कोन १६ अंशांच्या आसपास येतो. पाठीवर विजेच्या टेपचा एक थर लावला की हा कोन पाऊण ते एक अंश वाढतो. मागच्या वेळी टेप लावून धार केली असेल आणि आता टेपशिवाय नव्या दगडावर घेतलात, तर दगड धारेच्या कडेला शिवतच नाही. दोष मात्र दगडाच्या माथी मारला जातो. टेप लावायची तर कायम लावा, नाहीतर कधीच नको.

कोतिक्युल

बेल्जियमच्या आर्देन भागात, व्हिल्साल्म गावाच्या आसपास हा दगड निघतो. पिवळसर किंवा साईच्या रंगाचा. थर इतके पातळ की बहुतेक तुकड्यांना खाली स्लेटचा आधार चिकटवलेला असतो. याच्या लागूनच निळसर जांभळा बेल्जियन ब्लू निघतो. त्यात गार्नेट कमी, म्हणून तो पिवळ्यापेक्षा मंद. दोन्ही थर नैसर्गिकरीत्या जुळलेला तुकडा मिळाला तर उत्तम, पण चिकटवलेला घेतला म्हणून कामात काही कमी पडत नाही.

पहिली आणि एकमेव सहाण घ्यायची असेल तर आमचा कल इकडे आहे. कारण साधं: तोच दगड दोन वेगांनी चालतो. वर छोट्या कोतिक्युल खड्याने पाण्यात घासून दुधासारखा उगाळ काढला तर तो झपाट्याने कापतो. स्वच्छ पाण्यावर अगदी मंद होतो आणि शेवटचा हात देतो. उगाळात धार पूर्ण तीक्ष्ण होऊ शकत नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावं. पुढे सरकणारी धार सुट्या कणांवर आपटते आणि कणाकणाने बोथट होत राहते. एका पातळीनंतर जेवढी धार लागते तेवढीच मोडते. म्हणून उगाळ टप्प्याटप्प्याने पातळ करायचा असतो.

तो असा. दाट दुधाएवढ्या उगाळावर २० ते ३० फेऱ्या. मग बोटाने दोन-तीन थेंब पाणी, पुन्हा २०-२५ फेऱ्या. असं सहा ते दहा वेळा, दगडावर जवळजवळ स्वच्छ पाणी दिसेपर्यंत. मग दगड आणि वस्तरा दोन्ही धुऊन नुसत्या पाण्यावर ५०. बहुतेकांचं इथे बिघडतं ते वाळण्यामुळे: पाणी उडून जातं, उगाळ पातळ होण्याऐवजी दाट होतो, आणि आपण मात्र पातळ करतोय अशा समजुतीत असतो. दर दहा फेऱ्यांनी एक थेंब टाकत राहावं. दुसरी चूक एकदम खूप पाणी ओतण्याची. मधले टप्पे गळतात आणि उगाळाने बोथट केलेली कड स्वच्छ पाण्यावर भरून निघायला शेकडो फेऱ्या लागतात.

नुसत्या देखभालीसाठी एवढा खटाटोप लागत नाही. स्वच्छ पाण्यावर ४० ते ६० फेऱ्या, संपलं.

दोन कोतिक्युल सारखे नसतात. काही उगाळ काढल्यावर झपाट्याने कापतात पण पाण्यावर खरखरीत राहतात. काही इतके कठीण की नुसत्या पाण्यावर काही घडतंय असं वाटतच नाही, आणि नेमके तेच शेवटच्या हाताला सरस ठरतात. तुकडा खाणीतल्या ज्या थरातून निघाला त्या थराचं फ्रेंच नाव पाहून निवडू नका. विकणाऱ्याला एकच विचारा: नुसत्या पाण्यावर हा तुकडा मंद आहे का? मंद असेल तर घ्या.

जपानी दगड

क्योतोच्या आसपासच्या डोंगरांतले हे दगड. नाकायामा, ओझुकु, शोबुदानी, ओकुदो, नारुताकी ही तिथल्या खाणींची नावं. नाकायामासारख्या नावाजलेल्या खाणी बंद झाल्यामुळे बाजारात जुना साठा फिरतो आणि त्यावर हवे ते शिक्के मारलेले असतात. शिक्क्याला किंमत देऊ नका. खाण कोणती यापेक्षा हातातला तुकडा किती कठीण आणि किती एकजिनसी आहे, हे धार ठरवतं.

वस्तऱ्याला कठीण दगड हवा. स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी नावाजलेला मऊ, पटकन उगाळ सोडणारा दगड वस्तऱ्याला चालत नाही. पातं सरकताना तो आपोआप कण सोडतो आणि कड गोल होते. ओळखायला सोपं: दगड ओला करून त्यावर पाते न दाबता वीस फेऱ्या करा. पाणी स्वच्छ राहिलं, किंवा पोलादाने थोडं काळपट झालं तर ठीक. पाण्यात दगडाच्याच रंगाचा गाळ दिसू लागला तर तो मऊ आहे. दुसरी खूण पाण्याच्या थेंबाची. पृष्ठभागावर टाकलेला थेंब मऊ दगडात काही सेकंदांत जिरतो. कठीण दगडावर बराच वेळ तसाच उभा राहतो.

इतका कठीण दगड नुसत्या पाण्यावर जवळजवळ काचेसारखा वागतो, म्हणून त्यावर उगाळ काढण्यासाठी छोटे खडे वापरतात. आइची प्रांतातल्या मिकावा भागातले पांढरट नागुरा खडे यासाठी प्रसिद्ध आहेत. ते भरडाकडून बारकाकडे या क्रमाने लागतात: बोतान, तेंजो, मेजिरो, कोमा. देखभालीसाठी चारही घ्यायची गरज नाही. मेजिरो किंवा कोमा यांतला एक, किंवा सहाणेच्याच जातीचा छोटा तुकडा पुरतो. यात एक मेख आहे. उगाळ खड्याचा असेल तर कापतोही तो खडाच. खालचा दगड त्याला नुसता आधार देतो. खडा वाईट निघाला तर लाखमोलाची सहाणही कामाची नाही.

हे दगड पाण्यात भिजत ठेवायचे नसतात. थर उकलतात. बाजू आणि तळ यांना लाख किंवा पारदर्शक वॉर्निश लावून बंद करावं, वरचा पृष्ठभाग मोकळा ठेवावा.

नवशिक्याने जपानी दगड घ्यावा का? परत घेण्याची हमी असेल तरच. याइतकी तुकड्यातुकड्यागणिक बदलणारी दुसरी जात नाही.

आर्कान्सा

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या वॉशिटा डोंगरांतला नोव्हाक्युलाइट, म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका, अतिसूक्ष्म क्वार्ट्झचे कण एकमेकांत घट्ट विणलेले. ‘सॉफ्ट’ आणि नुसता ‘हार्ड’ म्हणून विकला जाणारा सुऱ्या-पटाशांसाठी. वस्तऱ्याला फक्त काळा किंवा अर्धपारदर्शक. नाव काहीही असो, घनता मोजून खात्री करता येते, आणि ती घरच्या वजनकाट्यावर मोजता येते.

दगड कोरडा असताना वजन करा. समजा ४६० ग्रॅम. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा दिसेल, समजा १८० ग्रॅम, तो दगडाने सारलेल्या पाण्याचा. ४६० भागिले १८०, म्हणजे २.५६. २.५ च्या वर आला तर दगड शेवटच्या हाताचा. २.३ च्या आसपास आला तर तो सच्छिद्र आहे, विक्रेत्याने त्यावर काहीही लिहिलेलं असो. शुद्ध क्वार्ट्झची घनता २.६५, त्याच्या पुढे आकडा गेला तर मोजण्यात चूक आहे किंवा दगडच वेगळा आहे.

या दगडाचं वैशिष्ट्य असं की त्यातून कण सुटत नाहीत, म्हणून पृष्ठभाग जसा घासून ठेवाल तशी धार मिळते. कारखान्यातून आलेला खरखरीत पृष्ठभाग वस्तऱ्याला निरुपयोगी. त्यावर एकदा धार घेऊन ‘आर्कान्सा भरड आहे’ असं म्हणणारे पुष्कळ. आधी सपाट करून, मग बारीक भुकटीने घासून, शेवटी जुनी पटाशी किंवा दुसरं कठीण पोलाद पाण्यावर दाबून पंधरा-वीस मिनिटं फिरवावं. पृष्ठभागावर खिडकीचं प्रतिबिंब धूसर दिसू लागलं की झालं. वापरताना पातळ खनिज तेल, किंवा भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी. खाद्यतेल नको, ते चिकट होऊन बसतं. मंद आहे, १०० फेऱ्या धरून चाला. बदल्यात तो झिजत नाही आणि वाकडाही होत नाही.

बाकीचे

थुरिंगियाचे दगड, जर्मनीतल्या झोनेबर्ग आणि श्टाइनाख परिसरातले, वस्तऱ्यासाठी खास नावाजलेले. एशर हा त्यांतला सर्वांत परिचित शिक्का. गडद निळ्यापासून पिवळट हिरव्यापर्यंत रंग. पिवळट हिरव्याला जास्त मान. स्लेटच्या जातीचा, बऱ्यापैकी मऊ, हाताला रेशमी, आणि चूक सहज माफ करणारा. जुना साठाच मिळतो, म्हणून महाग, आणि म्हणून कोणतीही हिरवट स्लेट त्या नावाने खपवली जाते. टोकाला मूळ चिठ्ठी असेल तर तिला पाणी लागू देऊ नका. दगडाच्या निम्म्या किमतीची असते ती.

इंग्लंडच्या लेस्टरशायरमधला चार्नली फॉरेस्ट: हिरवट, त्यात तांबड्या-तपकिरी रेघा, अत्यंत कठीण आणि आर्कान्साइतकाच मंद. पारंपरिक वापर तेलावर. ग्वांग्शीचा करडा दगड मोठ्या आकारात मिळतो, तुलनेने स्वस्त, मंद. सुरुवातीला हलका उगाळ आणि मग पाण्यावर ८०-१०० फेऱ्या दिल्या तर त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा राहत नाही. पहिल्या दगडावर फार खर्च करायचा नसेल तर हा घ्यावा.

जुन्या बाजारात छोटे, तळहाताएवढे, एकाच रंगाचे गुळगुळीत दगड ‘न्हाव्याची नैसर्गिक सहाण’ म्हणून मिळतात. कोपऱ्यात नाव कोरलेलं किंवा साच्यातून काढलेल्या कडा असतील तर ते भट्टीत तयार केलेले. वाईट असतात असं नाही, पण नैसर्गिक दगड म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.

हातात घेतल्यावर

आधी कोरडा पाहा, मग ओला. ओला करून पुसा आणि वाळताना त्याच्याकडे बघत राहा. सगळा दगड फिका झाल्यावरही एखादी रेघ ओली, गडद राहिली तर ती भेग आहे. पाणी आत शिरलं आहे. काठाच्या समांतर, बाजूला दिसणारी भेग सर्वांत वाईट, कारण तिथून थर सुटतो. दगड दोन बोटांत टांगता धरून बोटाच्या पेराने वाजवा. अखंड दगड टणटणीत वाजतो, फुटका किंवा सुटलेला बद्द. चिकटवलेल्या दगडाला ही परीक्षा अर्धीच लागू पडते.

मग डाग आणि रेघा. रंगाची रेघ आणि कठीण रेघ यांत फरक आहे. नख आडवं फिरवा. नख अडखळलं तर शंका घ्या. नंतर एखादी जुनी स्वस्त सुरी कडेने हलकेच त्या रेघेवरून दहा-वीस वेळा सरकवा आणि भिंगाखाली पाहा. बाकीच्या ओरखड्यांहून वेगळा, एकटाच खोल चर दिसला तर त्या रेघेत कठीण कण आहे. वस्तऱ्यावर ही परीक्षा करू नका. असा दगड रद्दच असतो असं नाही: कण एका टोकाला असेल तर ते टोक सोडून उरलेला भाग वापरता येतो, किंवा सुईच्या टोकाने कण कोरून काढता येतो. मधोमध असेल तर परत करा.

भिंग १० पटीचं चालतं, ३० पटीचं असेल तर उत्तम. त्यापुढचा सूक्ष्मदर्शक करमणूक म्हणून ठीक.

आकाराचा फार बाऊ करू नये. १५० बाय ५० मिलीमीटर वस्तऱ्याला भरपूर. ४० मिलीमीटर रुंदीही चालते, उलट किंचित वाकडं किंवा धार बाहेर फुगलेलं पातं अरुंद दगडावर सोपं जातं, कारण एका वेळी थोडाच भाग टेकतो. ७५ मिलीमीटर रुंद दगडाला जास्त पैसे मोजून मिळतं ते फक्त सोयीचं समाधान. लांबी १२५ च्या खाली गेली तर मात्र हात सारखा वळवावा लागतो आणि तिथेच चुका होतात. जाडी १५ मिलीमीटर असली तरी वस्तऱ्यापुरता दगड आयुष्यभर पुरतो.

सपाट करणं

नवा दगड सपाट असेल असं गृहीत धरू नका. जाड काच किंवा चांगली सपाट फरशी घ्या, त्यावर ४०० नंबरचा ओला वापरायचा सिलिकॉन कार्बाइड कागद पाण्याने चिकटवा. दगडावर पेन्सिलीने दीड-दोन सेंटिमीटरची चौकट आखा आणि आठाच्या आकड्यासारखा घासत राहा. रेघा सगळीकडून गेल्या की पुन्हा आखा. एकदा गेल्या म्हणजे सपाट झाला असं नसतं. तिसऱ्या वेळी सगळ्या रेघा दहा-बारा हातांत एकदम गेल्या पाहिजेत. मग ६०० आणि १०००. घासताना पाणी भरपूर. या दगडांत सिलिका असते, तिची कोरडी धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

आर्कान्सा आणि चार्नलीला कागद पुरत नाही, हिऱ्याची पाटीही झिजून जाते. त्यांच्यासाठी सुटी सिलिकॉन कार्बाइड भुकटी काचेवर पाण्यात कालवून: १२०, २२०, ४००, ६००. भुकटी बदलताना दगड, काच आणि हात धुवा; १२० चा एक कण ४०० मध्ये राहिला तर सगळं परत.

शेवटी चारही कडा दोन मिलीमीटरपर्यंत तिरक्या घासून बोथट करा. वस्तऱ्याचं मूळ (पात्याचं मुठीकडचं टोक) या कडेवरून दर फेरीला जाणार असतं, आणि तीक्ष्ण राहिलेल्या कडेने दाते पडू शकतात.

पहिली चाचणी

ज्याची धार ओळखीची आहे असा, निर्दोष, ८००० पर्यंत आणलेला वस्तरा घ्या. नव्या दगडावर नादुरुस्त वस्तरा चढवला तर दोघांपैकी कोण चुकतंय ते कळणार नाही.

उतारावर काळ्या मार्करची शाई लावा आणि चार फेऱ्या मारा. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत, मुळापासून टोकापर्यंत गेली तर पुढे जा. कडेला बारीक काळी रेघ राहिली तर टेपचा गोंधळ आहे, किंवा सैल पट्ट्याने कड गोल झाली आहे. एखाद्याच भागात राहिली तर दगड सपाट नाही किंवा पातं वाकडं आहे. कडेला रेघ राहिली असेल तर बारीक सहाणेवर दोनशे फेऱ्या मारण्यापेक्षा ४०००-५००० वर परत जाऊन वीस फेऱ्या देणं शहाणपणाचं.

हात नेहमी धार पुढे ठेवून, मुळापासून टोकाकडे तिरका जाणारा. परतताना वस्तरा पाठीवर उलटायचा, धारेवर कधीच नाही. वजन पात्याचंच. बोटाने दाबायचं नाही, बोट फक्त दिशा देतं. डोळा पाण्यावर ठेवा: धारेपुढे पाण्याची बारीक लाट ढकलली जाते. उतार नीट टेकत असेल तर ही लाट पात्याच्या पूर्ण लांबीत धारेवर चढते, पोलादावर येते. जिथे पाणी धारेखालून निसटतं तिथे धार दगडाला लागत नाहीये. कठीण दगडावर शेवटच्या वीस-तीस फेऱ्यांत पातं चिकटल्यासारखं होतं, सरकवायला किंचित ओढ लागते. दोन सपाट पृष्ठभाग जुळल्याची ही खूण आहे. तिथे घाबरून दाब वाढवू नका, पाण्याचा एक थेंब टाका आणि शेवटच्या दहा फेऱ्या जवळजवळ हवेत तरंगत असल्यासारख्या करा.

नंतर पट्टा: कापडावर २०, चामड्यावर ५०. दगडाची परीक्षा मनगटावरच्या केसांवर करू नका, ८००० ची धारही ते उडवते. अर्धा चेहरा नव्या दगडाआधी आणि अर्धा नंतर, त्याच दिवशी, त्याच साबणावर, ही तुलना खरी. हनुवटीखालची, केसांच्या उलट दिशेची जागा फरक लगेच सांगते.

काय बिघडू शकतं ते चार-पाच प्रकारांत मोडतं. धार तीक्ष्ण पण त्वचेला झोंबणारी: दगडावर उगाळ राहिला होता, किंवा शेवटी दाब पडला. पहिली दाढी छान आणि दुसरीला धार गायब: कडेवर पातळ पापुद्रा तयार झाला होता, तो तुटला, फेऱ्या जास्त झाल्या. अशा वेळी लाकडाच्या टोकावरून धार एकदा अलगद ओढून पापुद्रा काढावा आणि २० हलक्या फेऱ्या पुन्हा द्याव्यात. भिंगाखाली कडेला सुईच्या टोकाएवढे चकाकते ठिपके: बारीक दाते, जे शेवटच्या सहाणेवर कधीच जाणार नाहीत. आणि काहीच फरक न जाणवणं: दगड मंद आहे. आणखी ५० फेऱ्या द्या, दगडाला दोष देण्याआधी.

पुढे

कोतिक्युल आणि थुरिंगियन दगड वर्षातून एक-दोनदा पेन्सिलची चौकट आखून तपासावेत. वस्तऱ्याचा भार इतका कमी की बहुतेक वेळा घासावंच लागत नाही. वापर झाला की धुऊन, पुसून, उभे ठेवून सावलीत वाळवावेत. ऊन किंवा हीटर नको, चिकटवलेला सांधा आणि जपानी दगडाचे थर दोन्ही त्याने सुटतात. तेलाने माखलेला जुना दगड मिळाला तर साबणाच्या कोमट पाण्याने ब्रशने घासावा; उकळत्या पाण्यात टाकू नये.

आर्कान्सा मात्र सपाट झाल्यावर पुन्हा घासायचा नाही. तो मंदावला असं वाटलं की लोक त्याला ताज्या भुकटीवर घेतात, पृष्ठभाग परत खरखरीत होतो, आणि वर्षभर पोलाद फिरवून आलेला गुळगुळीतपणा दहा मिनिटांत जातो. बहुतेक वेळा त्याच्या पृष्ठभागावर नुसतं तेलाचं आणि पोलादाच्या चुऱ्याचं पुट चढलेलं असतं. द्रव साबण, नायलॉनचा ब्रश आणि गरम नसलेलं पाणी. पाच मिनिटांत तो पहिल्यासारखा चालू लागतो.